मिरचीचा ठसका : स्वसंरक्षणाच्या फवाऱ्याची पाच शतके

धाकटी बहीण नोकरीसाठी परगावी निघाली होती. काम सुटणार रात्री साडेनऊला आणि बसथांब्यापासून खोलीपर्यंतचा रस्ता निर्मनुष्य. लाडवांचा डबा आणि लोणच्याची बरणी बांधून झाल्यावर आई म्हणाली, "तिला तो स्प्रेही घेऊन दे." निवड करण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. दुकानदाराने तीन डब्या काचेवर मांडल्या. एकीवर '२० लाख एसएचयू', दुसरीवर '१८ टक्के ओसी' आणि तिसरीवर कोणताच आकडा नाही, नुसता फणा उभारलेला नाग. यांत प्रभावी कोणती, असे विचारले तर तो शांतपणे म्हणाला, "तिन्ही चालतात साहेब. नागवाली जास्त जाते."

मित्रांनो, आजचा धागा त्या दोन आकड्यांच्या आणि एका नागाच्या मुळाशी जाणारा आहे. तो जरा लांबेल. पण वाटेत मेक्सिको, गोवा, अमेरिकेतील अस्वले आणि आपली लोकसभा असे सारे भेटणार आहे.

प्रारंभ नावापासून करू. पेपर म्हणजे मिरे. पेपर स्प्रेमध्ये मात्र मिऱ्याचा कणही नसतो. असतो तो मिरचीचा अर्क. हा घोळ ज्याने घातला त्याचे नाव ख्रिस्तोफर कोलंबस. तो निघाला होता हिंदुस्थानच्या मिऱ्यांच्या शोधात आणि पोहोचला कॅरिबियन बेटांवर. तेथील लोक 'अही' नावाचे तिखट फळ खात असत. १५ जानेवारी १४९३ च्या त्याच्या रोजनिशीतील नोंदीत हे फळ त्या लोकांचे मिरे म्हणून आले आहे, आणि ते आपल्या मिऱ्यांहून अधिक मोलाचे असल्याचेही तो सांगतो. मिरे मिळाले नाहीत हे मान्य करण्यापेक्षा मिळालेल्या वस्तूला मिरे म्हणणे त्याला सोयीचे होते. इंग्रजीने तो घोळ आजवर सांभाळला. मराठीनेही 'मिरी'वरूनच 'मिरची' हा शब्द घडवला, मात्र दोन वस्तूंना दोन नावे देण्याचा विवेक दाखवला. म्हणूनच वर्तमानपत्रांतून या वस्तूचे 'मिरपुडीचा फवारा' असे भाषांतर दिसते तेव्हा कोलंबसाची चूक आपण नव्याने करत असतो.

मिरची हे अन्न आहे आणि मिरचीचा धूर हे शस्त्र आहे, हा शोध मात्र कोलंबसाच्या कितीतरी आधीचा. १५४० च्या दशकाच्या आरंभी मेक्सिकोत तयार झालेली 'कोडेक्स मेंडोझा' नावाची चित्रपोथी आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. अझ्टेक घरांतील मुलांना कोणत्या वयात काय शिकवत आणि कशी शिक्षा करत, याची चित्रे तीत ओळीने काढलेली आहेत. अकरा वर्षांच्या अवज्ञा करणाऱ्या मुलाला बाप जळत्या मिरच्यांच्या धुरावर धरतो आहे आणि मुलाच्या डोळ्यांतून अश्रू ओघळत आहेत, असे एक चित्र त्यात आहे. शेजारी आई मुलीला त्याच धुरासमोर बसवते आहे. मिरचीच्या धुराचे माझ्या माहितीतील हे सर्वांत बोलके जुने चित्र. त्यात मिरचीचा मारा शत्रूवर नाही, घरातल्या लेकरावर आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिची आठवण होईल.

युद्धातील वापराची साक्ष ब्राझीलमधून मिळते. हान्स स्टाडेन हा जर्मनीतील हेसे प्रांताचा तोफची. पोर्तुगीजांच्या चाकरीत असताना तो तुपिनांबा लोकांच्या कैदेत सापडला, सुटून मायदेशी परतला आणि १५५७ मध्ये मारबुर्ग येथे त्याने आपला वृत्तान्त छापला. तो सांगतो की हे लोक शत्रूच्या तटबंदीबाहेर, वारा अनुकूल असताना, मोठी आगटी पेटवतात आणि तिच्यात मिरच्यांचा ढीग ओततात. धूर झोपड्यांत शिरला की आतल्यांना बाहेर पडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. याला जोडून त्याने स्वतःचा अनुभवही लिहिला आहे. ओहोटीमुळे त्यांचे गलबत चिखलात रुतले असता किनाऱ्यावरच्या लोकांनी हाच प्रयोग त्यांच्यावर करू पाहिला, पण त्यांची आगच नीट पेटली नाही आणि सारे बचावले.

माझ्या मते या शस्त्राच्या इतिहासातील हा उतारा फार मोलाचा आहे. मिरची किती तिखट होती याबद्दल स्टाडेन चकार शब्द काढत नाही. वारा कोणत्या दिशेचा होता आणि आग पेटली की नाही, एवढेच तो सांगतो. साडेचारशे वर्षांनी अलास्कातील संशोधक जवळपास याच प्रश्नांकडे परत आले.

आपल्याकडे मिरची आली ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून, सोळाव्या शतकात. गोवा त्यांच्या हाती १५१० मध्ये गेला होता. मुंबईच्या बाजारात मिरचीला पूर्वी 'गोवाई मिरची' म्हणत, ही आठवण त्या प्रवासाची खूण आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या 'आइन-इ-अकबरी'त मसाल्यांच्या यादीत मिरे आहेत, लाल मिरची नाही. म्हणजे किनाऱ्यावर उतरलेली ही परदेशी पाहुणी उत्तरेच्या शाही मुदपाकखान्यात अजून पोहोचली नव्हती. आणि आज? मिरचीशिवाय ठेचा, मिसळ वा कोल्हापुरी रस्सा कल्पनेतही आणता येणार नाही.

पाकघरात आलेली मिरची आपल्याकडेही चुलीत पडलीच. मूल किरकिरू लागले की आजी मीठ-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकत असे. ठसका लागला नाही तर दृष्ट लागलेली होती आणि ती उतरली. ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच. आजीच्या या तर्कशास्त्रावर हसणारे मिरची कांडताना नाकातोंडाला पदर बांधून बसलेल्या बायकांना मात्र हसत नाहीत. ज्याने एकदा डंखावर उभे राहून वर्षाचे तिखट करून आणले आहे, त्याला पेपर स्प्रेचे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. दुसरीकडे, 'डोळ्यांत मिरचीपूड टाकून लूट' हा मथळाही आपल्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे छापून येतो. वस्तू तीच, हात बदलला की ती संरक्षणाची राहत नाही.

आता त्या आकड्यांकडे येऊ. ब्याडगी मिरची लालभडक, पण तिखट बेताची. लवंगी चणीने लहान, पण जिभेला चटका लावणारी. म्हणजे रंगावरून वा आकारावरून तिखटपणा कळत नाही, हे आपल्या बाजारातल्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. औषधनिर्मात्यांपुढे नेमकी हीच अडचण होती. मिरचीतील दाहक द्रव्य १८१६ मध्ये बुखोल्ट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अशुद्ध रूपात वेगळे केले होते आणि १८७६ मध्ये जॉन थ्रेश याने त्याला 'कॅप्सेसिन' हे नाव दिले होते. पण मोजायचे कसे? डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस या औषध कंपनीतील विल्बर स्कोव्हिल याने १९१२ मध्ये उपाय काढला. मिरचीचा मद्यार्कातील अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि काही माणसांना चाखायला द्यायचा. तिखटपणा जाणवेनासा होण्यासाठी किती पट पाणी घालावे लागले, तो त्या मिरचीचा आकडा. एसएचयू म्हणजे 'स्कोव्हिल हीट युनिट' ते हेच. शुद्ध कॅप्सेसिनचा आकडा सुमारे १ कोटी ६० लाख येतो. २००७ मध्ये गिनीज बुकाने जगातील सर्वांत तिखट म्हणून नोंदवलेल्या आपल्या ईशान्येच्या भूत जोलोकियाचा आकडा होता १० लाख १ हजार ३०४.

पद्धत कल्पक होती, पण ती जिभेच्या भरवशावर चालणारी. चौथा घोट घेईपर्यंत जीभ बधिर होते आणि पाचव्या माणसाची जीभ पहिल्यासारखी नसते. पुढे यंत्राने द्रव्याचे थेट मापन होऊ लागले, तरी स्कोव्हिलचे नाव आणि त्याचा लाखांतला आकडा जाहिरातदारांनी सोडला नाही. कसा सोडतील?

कारण फसगत नेमकी इथे होते. डबीवरचा '२० लाख एसएचयू' हा आकडा बहुधा आत भरलेल्या द्रावणाचा नसून, ते पातळ करण्यापूर्वीच्या मूळ अर्काचा असतो. 'ओसी' म्हणजे ओलिओरेझिन कॅप्सिकम, अर्थात मिरचीचा तो दाट, तेलकट, लाल अर्क. आणि '१८ टक्के ओसी' याचा अर्थ डबीतील द्रावणात अर्काचा वाटा तेवढा आहे, इतकाच. अर्क कितपत तिखट, हे त्यातून कळत नाही. हिशेब करून पाहा. २० लाखांचा अर्क ५ टक्के घातला तर द्रावण १ लाखाचे. १० लाखांचा अर्क १० टक्के घातला तरीही १ लाखाचेच. ५ लाखांचा अर्क १८ टक्के घातला तर ९० हजारांचे. तीन डब्यांवर तीन दिपवणारे आकडे आणि आत जवळजवळ एकसारखे पाणी! लवंगी घातली की ब्याडगी हे न सांगता, 'आमटीत चार चमचे तिखट आहे' असे सांगण्यासारखा हा प्रकार आहे.

ज्या आकड्याने हा घोळ मिटतो त्याला 'प्रमुख कॅप्सेसिनॉइड्स' म्हणतात: द्रावणात दाहक द्रव्य शेकडा किती, याचे सरळ उत्तर. वरच्या हिशेबातील १ लाखाचे द्रावण म्हणजे ०.६ टक्क्यांच्या आसपास. माणसांसाठीच्या फवाऱ्यांत हा आकडा १.३३ पर्यंत दिसतो. अमेरिकेत अस्वलांसाठीच्या फवाऱ्याला तो १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा लागतो. अस्वलाच्या डबीवर काय छापावे याचे नियम माणसासाठीच्या डबीपेक्षा काटेकोर असावेत, हे मला बरेच दिवस नवल वाटत होते.

पण मिरची डबीत शिरण्यापूर्वी त्या डबीत दुसरेच द्रव्य होते. पिट्सबर्ग शहरात अ‍ॅलन आणि डोरिस लिटमन हे तरुण दांपत्य राहत असे. घरात अर्न्स्ट नावाची पाळीव सुसर होती, यावरून नवऱ्याच्या स्वभावाची कल्पना यावी. डोरिस शिक्षिका होती. १९६५ च्या सुमारास तिच्या एका तरुण सहकारी शिक्षिकेला रस्त्यात गाठून लुटण्यात आले. पर्समध्ये मावेल आणि बाईमाणसाला सहज वापरता येईल असे काही असावे, या विचाराने लिटमन कामाला लागला. केशफवाऱ्यासारखी दाबाची डबी आणि तिच्यात क्लोरोअ‍ॅसिटोफेनोन, म्हणजेच 'सीएन' नावाचे अश्रुद्रव्य, असा मेळ त्याने घातला. हे द्रव्य १८७१ मध्येच तयार झाले होते आणि लष्कराला परिचित होते. डबीला नाव दिले 'केमिकल मेस'. मेस म्हणजे मध्ययुगीन सरदारांची गदा.

पुढे जे घडले ते या साऱ्या इतिहासाच्या मर्मावर बोट ठेवणारे आहे. लुटल्या गेलेल्या एका शिक्षिकेसाठी काढलेली गदा दोन-तीन वर्षांत पोलिसांच्या पट्ट्याला लटकू लागली आणि व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या, नागरी हक्क मागणाऱ्या निदर्शकांवर फवारली जाऊ लागली. डोळ्यांना होणाऱ्या इजेविषयी १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलला सावधगिरीची सूचना द्यावी लागली. लिटमनला पेटंट मिळाले १९६९ मध्ये; तोवर पर्समधली डबी पोलिसांची ओळख बनून गेली होती.

'सीएन'मध्ये मोठी उणीव अशी की मद्य वा अमली पदार्थांच्या अमलाखाली असलेल्या माणसावर ते भरवशाचे ठरत नसे. संतापलेल्या कुत्र्यावर तर त्याहून नाही. तिथे मिरची पुन्हा अवतरली. १९६० च्या दशकात अमेरिकेतील टपालवाल्यांच्या हाती कुत्र्यांसाठी 'हॉल्ट' नावाचा मिरचीचा फवारा आला. १९८० च्या दशकाच्या आरंभी मोंटाना विद्यापीठात कॅरी हंट या विद्यार्थिनीने चार्ल्स जोंकेल यांच्या मार्गदर्शनाखाली पकडून ठेवलेल्या अस्वलांवर निरनिराळ्या उपायांची परीक्षा घेतली आणि त्यांत मिरचीचा फवारा सरस ठरला. अस्वलांच्या फवाऱ्याची वाट तेथून मोकळी झाली.

आणि मग एफबीआय. क्वांटिको येथील अकादमीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिरचीच्या फवाऱ्याचा अभ्यास झाला, अनुकूल अहवाल निघाला आणि त्या शिफारशीच्या बळावर देशभरच्या पोलीस दलांनी 'सीएन' टाकून मिरची उचलली. १९९६ मध्ये उघडकीस आले ते असे : त्या अभ्यासाची धुरा वाहणाऱ्या एफबीआय अधिकाऱ्याने याच फवाऱ्याच्या उत्पादकाकडून ५७ हजार ५०० डॉलर घेतले होते, तेही पत्नीच्या कंपनीमार्फत. न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला.

इथे थोडे थांबायला हवे. 'एफबीआयने प्रमाणित केलेला' अशा अर्थाची वाक्ये डब्यांवर मी आजही वाचली आहेत. ज्याने पारख केली तोच विकत घेतलेला, मग पारख कसली? पण याचा अर्थ मिरची निष्प्रभ होती असाही नाही. लाचखोर साक्षीदार खरे बोललेला असू शकतो. फक्त ते त्याच्या शब्दावर मानता येत नाही, पुन्हा तपासावे लागते. इतिहासाच्या अभ्यासकाला हे बखरी वाचताना रोजच करावे लागते.

तपासणी झालीही. अमेरिकेच्या न्यायखात्याच्या संशोधन संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात नॉर्थ कॅरोलिनातील अनुभव असा दिसला की फवारा आल्यावर पोलीस आणि संशयित दोघांच्याही दुखापती घटल्या. फवाऱ्यानंतर पोलिसांच्या ताब्यात झालेले ६३ मृत्यूही त्यात तपासले गेले. त्यांपैकी दोघांच्या मृत्यूला फवारा हातभार लावणारा ठरला होता, आणि ते दोघेही दम्याचे रुग्ण होते. म्हणजे निरुपद्रवी म्हणावे असे हे खेळणे नव्हेच.

दुसरी तपासणी अस्वलांची. अलास्कातील १९८५ ते २००६ या काळातील फवाऱ्याचे ८३ प्रसंग टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो प्रभृतींनी २००८ मध्ये अभ्यासले. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के आणि काळ्या अस्वलांच्या बाबतीत ९० टक्के प्रसंगी फवाऱ्याने काम केले. वाऱ्याने काही फवारे भरकटले, काही वेळा फवारणाऱ्याच्याच डोळ्यांत गेले. हान्स स्टाडेनला यात नवल वाटले नसते. आणखी एक गंमत : डासांच्या मलमासारखा हा फवारा आधीच तंबूवर मारून ठेवणारेही महाभाग असतात. असा वाळलेला फवारा तपकिरी अस्वलांना पळवत नाही, उलट आकर्षित करतो, हे स्मिथनेच १९९८ मध्ये नोंदवले होते. शेवटी तो मसालाच ना!

मिरची एवढी गुणकारी का, याचे उत्तर सापडायला १९९७ उजाडले. डेव्हिड ज्युलियस आणि सहकाऱ्यांनी कॅप्सेसिन ज्याला जाऊन भिडते तो चेतातंतूंवरील ग्राही शोधून काढला. हा ग्राही मुळात उष्णतेचा पहारेकरी. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या पुढे तो भाजल्याची वर्दी मेंदूला देतो. कॅप्सेसिन त्याच पहारेकऱ्याला फसवते. कातडी भाजलेली नसते, तरी मेंदूला वर्दी मिळते की आग लागली. पापण्या आपोआप मिटतात, श्वास अडखळतो, खोकल्याची उबळ येते. वेदना सोसण्याची माणसाची ताकद कितीही असो, पापण्या मिटणे त्याच्या हाती नसते; फवाऱ्याचा खरा भरवसा त्यावर आहे. या संशोधनासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पक्ष्यांच्या ग्राहीवर कॅप्सेसिनचा असा परिणाम होत नाही, म्हणून पोपट मिरची मजेत खातो.

अझ्टेक बापाचे चित्र आठवते? १८ नोव्हेंबर २०११ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस आवारात जमिनीवर शांत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या रांगेवर एका पोलीस अधिकाऱ्याने चालत चालत, झाडांना औषध मारावे तसा मिरचीचा फवारा मारला. ती चित्रफीत जगभर गेली. चौकशी समितीच्या अहवालाने या वापरावर कडक ताशेरे ओढले आणि विद्यापीठाला विद्यार्थ्यांशी १० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या तरुणांनी फवाऱ्यापुढे साध्या छत्र्या उघडल्या आणि त्या आंदोलनाला छत्रीचेच नाव पडले. १९९३ च्या रासायनिक शस्त्रबंदी करारातील तरतूदही अशीच चमत्कारिक आहे. दंगल काबूत आणण्याची अशी द्रव्ये युद्धात वापरण्यास तो करार मनाई करतो, देशांतर्गत पोलिसांना मात्र मोकळीक देतो. शत्रूच्या सैनिकावर जे मारता येत नाही ते स्वतःच्या नागरिकावर मारता येते.

आपणही या इतिहासाबाहेर नाही. तेजपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने भूत जोलोकियाचा हातबॉम्ब बनवला. २०१६ मध्ये काश्मीरमध्ये छर्ऱ्यांच्या बंदुकांना पर्याय म्हणून, मिरचीतीलच एका दाहक द्रव्याचे कृत्रिम रूप असलेले 'पावा' गोळे पाठवण्यात आले. आणि १३ फेब्रुवारी २०१४ रोजी तर खुद्द लोकसभेत तेलंगणाच्या विधेयकाच्या वेळी विजयवाड्याचे खासदार एल. राजगोपाल यांनी फवारा मारला. बंदिस्त सभागृह, विरोधक आणि स्वकीय, दोघेही खोकत डोळे चोळत बाहेर धावले, काहींना रुग्णालयात न्यावे लागले. स्वसंरक्षणार्थ वापरला, असे त्यांचे म्हणणे होते. बंद खोलीत सूक्ष्म तुषारांचा फवारा आपला-परका पाहत नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणत्याही प्रयोगशाळेने दिलेला नाही.

तर मी दुकानात परत गेलो. नागवाली डबी पहिल्यांदा बाजूला ठेवली. २० लाखवालीवर प्रमुख कॅप्सेसिनॉइड्सचा उल्लेख नव्हता, ती दुसरी. १८ टक्केवालीवर अगदी बारीक अक्षरांत तो आकडा होता, १.०. पण तिची मुदत चार महिन्यांत संपत होती. तिखट टिकते, डबीतला दाब टिकत नाही. मुदत संपलेली डबी ऐन वेळी दोन हातांवर थुंकते. शेवटी दुसऱ्या दुकानातून, तसाच आकडा स्पष्ट छापलेली, ताजी डबी घेतली. धुक्यासारखी फवारणारी नव्हे, सरळ धार मारणारी. धुक्याने नेम धरावा लागत नाही हे खरे. पण वाऱ्यावर आणि रिक्षासारख्या जागेत ते आपल्याच अंगावर उलटते. धारेला नेम लागतो, आणि नेम सरावाने येतो.

खटका चुकून दाबला जाणार नाही आणि अंधारात अंगठ्याला सापडेल, असे कुलूप तीत आहे. भारतात ही डबी घ्यायला शस्त्रपरवाना लागत नाही. विमानात बरोबर नेता येत नाही. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ आत्मसंरक्षणाचा हक्क देतात, पण गरजेपुरताच. समोरचा पळू लागला की फवाराही थांबला पाहिजे, हे मी बहिणीला दोनदा सांगितले. तिने एकदाच ऐकले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गावाबाहेरच्या माळावर गेलो. सरावासाठी पाणी भरलेली निर्विष डबी मिळते, ती आणली होती. बाभळीला जुना पंचा बांधला. पहिली धार तीन पावलांवर पडली. दुसरी वाऱ्याने वाकून माझ्या शर्टावर आली. मग तिने माती चिमटीत घेऊन सोडली, वारा कुठला ते पाहिले, चार पावले डावीकडे सरकली आणि तिसरी धार पंचाच्या बरोबर मध्ये मारली. डबी पर्सच्या तळाशी टाकणार होती. मग स्वतःच विचार बदलून तिने ती ओढणीच्या बाजूच्या खिशात ठेवली आणि परतताना रस्ताभर, न पाहता, अंगठा कुलपावर जातो का ते तपासत राहिली.